रिओ ग्रँडची गाणी ऐकायची तर यादी अशी लावा

आमच्या ह्यूस्टनच्या मंडळातलं कुणी गाडी काढून बिग बेंडला, म्हणजे टेक्सासातल्या रिओ ग्रँड नदीकाठच्या राष्ट्रीय उद्यानाला निघालं की मला फोन येतो, "ताई, वाटेत लावायला नदीची गाणी पाठवा ना." मी पेटी वाजवते म्हणून असेल. तर आता एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

शोधताना दोन्ही नावं टाका. अमेरिकेत रिओ ग्रँड, मेक्सिकोत तीच रिओ ब्राव्हो. कोलोराडोच्या डोंगरात उगम, मग न्यू मेक्सिको, आणि एल पासोपासून थेट समुद्रापर्यंत टेक्सास आणि मेक्सिकोची हद्द. अमेरिका-मेक्सिको युद्धानंतरच्या १८४८च्या तहाने ही हद्द पक्की झाली आणि नदीच्या उत्तरेची मेक्सिकन माणसं घरबसल्या अमेरिकेत गेली. गाण्यांतला बराचसा राग आणि तिरकसपणा तिथून येतो. नुसतं 'रिओ' टाकलंत तर ड्युरान ड्युरानचं १९८२चं गाणं हमखास वर येईल. त्यात नदीचं नाव आहे, पण गाणं एका नाचणाऱ्या पोरीचं. खलाशांचं जुनं 'रिओ ग्रँड'ही वगळा, ते ब्राझीलकडचं मानलं जातं.

सुरुवात काउबॉय गाण्यांनी करू नका. मार्टी रॉबिन्सचं 'एल पासो' (१९५९) झकास आहे, मलाही पाठ आहे, पण ते शेवटी ठेवा. आधी काठावरच्या माणसांचं ऐका.

पहिला अकॉर्डियनवाला नार्सिसो मार्तिनेस. याला 'एल उराकान देल वाये', म्हणजे खोऱ्यातलं वादळ म्हणायचे. १९३०च्या दशकातल्या त्याच्या पोल्का, म्हणजे जलद नाचाच्या धुना, घ्या. पोल्का आणि अकॉर्डियन टेक्सासात जर्मन-चेक वसाहतवाल्यांबरोबर आले. हेडफोन लावून ऐका. उजवा हात सुसाट पळतो, डाव्या हाताचा खर्ज जवळजवळ गप्प. तो भार सांतियागो आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोने उचललाय. हे गिटारच्या जातीचं वाद्य, बारा तारा, जोडीजोडीने लावलेल्या. दुसऱ्यांदा ऐकताना अकॉर्डियन विसरा आणि फक्त या तारांच्या मागे जा. पेटी वाजवणाऱ्याला यात जास्त मजा येईल, कारण आपलाही एक हात भात्यातच अडकलेला असतो.

मग कोरीदो. हा तिकडचा पोवाडा समजा. बहुधा सुरुवातीला तारीख, गाव, नाव आणि शेवटी गाणाऱ्याचा निरोप. चार ओळींचं कडवं, ओळ साधारण आठ अक्षरांची. बोटांवर मोजत ऐका, स्पॅनिश येत नसलं तरी चाल पकडता येते. ग्रेगोरिओ कोर्तेसचा कोरीदो चुकवू नका. जून १९०१. कोर्तेस हा टेक्सासातला मेक्सिकन शेतकरी. घोडाचोरीच्या तपासाला त्याच्या दारी शेरीफ आला, दुभाष्याने घोळ घातला, गोळ्या सुटल्या. कोर्तेसचा भाऊ जखमी झाला, शेरीफ मेला. कोर्तेस दहा दिवस सीमेच्या दिशेने पळत होता, लारेडोजवळ सापडला. १९१३ साली गव्हर्नरने त्याला माफी दिली. रोचा आणि मार्तिनेस (हा मार्तिनेस वेगळा) या जोडीने तो १९२९ मध्ये सॅन अँटोनिओत तबकडीवर गायला. एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, म्हणून दोन भाग. यादीत एकच भाग टाकलात तर गोष्ट अर्धी राहते, दोन्ही लागोपाठ लावा. पाठलाग करणाऱ्यांचा आकडा फुगलेला वाटला तर वाटू दे. शाहीर गातोय, पंचनामा नाही.

लिदिया मेंदोसाचं 'माल ओम्ब्रे' (१९३४) यानंतर. बाई आमच्या ह्यूस्टनच्याच, बारा तारांची गिटार घेऊन एकट्या गायच्या. या गाण्याचे शब्द त्यांना लहानपणी च्युइंगमच्या वेष्टनावर मिळाले होते.

आता इंग्रजीकडे वळायला हरकत नाही. फ्रेडी फेंडर, खरं नाव बाल्देमार उएर्ता, नदीजवळच्या सॅन बेनिटोचा. 'अक्रॉस द बॉर्डरलाइन' त्याच्याच आवाजात ऐका. १९८२च्या 'द बॉर्डर' या सिनेमासाठी ते राय कूडर, जॉन हायट आणि जिम डिकिन्सन यांनी लिहिलं. विली नेल्सनने १९९३ मध्ये अख्ख्या अल्बमला तेच नाव दिलं, तो दुसरा लावा. लगेच लोस तिग्रेस देल नोर्ते या बँडचं 'त्रेस वेसेस मोहादो', म्हणजे तीनदा भिजलेला. त्यात एल साल्वादोरचा माणूस तीन सीमा ओलांडतो. दोन्ही शेजारी ठेवली की फेंडरचं गाणं किती सौम्य आहे ते कळतं.

कूडर आवडला तर 'चिकन स्किन म्युझिक' (१९७६) घ्या, त्यात फ्लाको हिमेनेसचं अकॉर्डियन आहे. विश्वमोहन भट्टांबरोबरचा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' सुंदर आहे, पण नाव बघून या यादीत घालू नका. ती नदी ही नव्हे.

जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी आरहुली कंपनीचे संग्रह शोधा, ते आता स्मिथसोनियन फोकवेजकडे आहेत. यूसीएलए विद्यापीठाच्या फ्रोंतेरा संग्रहात हजारो तबकड्या ऑनलाइन आहेत, पण विद्यापीठाबाहेरून बऱ्याचशा गाण्यांचा सुरुवातीचा तुकडाच ऐकू येतो. तिथे नाव आणि साल हेरा, पूर्ण गाणं दुसरीकडे शोधा. आणि सगळं घरूनच डाउनलोड करून न्या. बिग बेंडमध्ये फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.