कुंडीतली स्ट्रॉबेरी आणि राखाडी बुरशी: माझा अनुभव

स्ट्रॉबेरीला सोलून टाकण्यासारखी साल नसते आणि नुसत्या धुण्याने फवारणीचा सगळा अंश जातोच असं नाही. घरातली मुलं हे फळ मूठमूठ खातात, म्हणून मी ती कुंडीतच लावायला घेतली.

लावताना एक गोष्ट जपायची: पानं जिथून फुटतात तो रोपाचा गड्डा बरोबर मातीच्या पातळीला हवा. पुरला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात. माती भुसभुशीत, सामू (म्हणजे pH, मातीची आम्लता) ५.५ ते ६.५. ऊन भरपूर, रोज निदान ६ तास.

खरा त्रास फळं धरल्यावर सुरू झाला. पिकायला आलेल्या फळावर मऊ तपकिरी डाग पडायचा आणि बघता बघता त्यावर राखाडी लव चढायची. ही बुरशी ओलाव्यावर पोसते. फळं ओल्या मातीला टेकत होती, पानांची दाटी झाली होती. मग फळांखाली वाळलेल्या गवताचा जाड थर दिला, जुनी पानं काढली, पाणी सकाळी आणि थेट मुळाशी घालायला लागले. डागाळलेलं फळ दिसताक्षणी खुडून कुंडीपासून लांब टाकलं. बुरशी आटोक्यात आली, औषध न मारता!

पानांच्या मागे बारीक जाळी दिसली तर तो कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पाण्याचा जोरदार फवारा खालून मारा, बराचसा धुऊन जातो.

आणि घाई नको. ही फळं तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत, देठापर्यंत लाल झाल्यावरच खुडा.