रात्री लांबची एएम स्टेशनं लागत नाहीत? या चुका टाळा

काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला आणि खरखरीपलीकडे काहीच हाती लागलं नाही, की दोष रेडिओच्या माथी बसतो. बहुतेक वेळा रेडिओ ठणठणीत असतो. तो कुठे ठेवलाय आणि कसा वळवलाय, गोम तिथेच असते.

दिवसा ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा वातावरणातला 'डी' थर मीडियम वेव्हच्या (म्हणजे बहुतेक एएम स्टेशनांच्या) लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरत जातो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर उतरतात. बिनतारी संदेशांचा प्रवर्तक मार्कोनी याला १९०२ साली अटलांटिकवरच्या जहाजात हा फरक जाणवला होता: दिवसा सुमारे ११०० किलोमीटरवर संपणारे संकेत रात्री ३००० किलोमीटरच्या पुढेही पोचत होते.

घरातली खरखर आकाशातली समजणं

सगळ्यात जास्त स्टेशनं इथेच हुकतात. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, लॅपटॉपचा अडॅप्टर, टीव्ही ही सगळी मंडळी मीडियम वेव्हवर गोंगाट करतात. मोबाइल काढून घेतला तरी भिंतीत खोचलेला चार्जर गुरगुरत राहू शकतो. रेडिओ सेलवर चालवा, एखाद्या रिकाम्या जागी काटा ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करून ऐका. खरखर एकदम ओसरली तर चोर घरातच आहे. आता एकेक वस्तू चालू करत जा, तो सापडेल. मेन स्विच बंद करूनही फरक पडला नाही तर गोंगाट शेजारचा किंवा विजेच्या तारांचा. अशा वेळी रेडिओ उचलून मोकळ्या मैदानात जाणं हाच उत्तम उपाय. सळ्यांच्या काँक्रीटमध्ये सिग्नल तसाही दबतो, म्हणून घरात ऐकायचंच असेल तर निदान खिडकीशी बसा.

एरियल ओढणं, पण रेडिओ न वळवणं

बाहेर ओढायची दांडी एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असते. एएमचं काम बहुतेक रेडिओंत आतली फेराइटची (तार गुंडाळलेल्या काळ्या चुंबकीय पदार्थाची) कांडी करते, आणि ती सहसा रेडिओच्या लांबीला समांतर, आडवी बसवलेली असते. स्टेशन कांडीच्या बाजूला आलं की आवाज भरतो, टोकाच्या रेषेत आलं की जवळजवळ बुडतो. म्हणून स्टेशन कुजबुजायला लागलं की रेडिओ टेबलावरच सावकाश गोल फिरवा.

हा बुडणारा कोन माझ्या मते या छंदातलं सर्वात मोलाचं हत्यार आहे. एकाच जागी दोन स्टेशनं भांडत असतील तर नको असलेल्याकडे कांडीचं टोक करा. चार्जरची गुरगुर अशीच दाबता येते. आकाशातून उतरणारं स्टेशन मात्र पूर्ण बुडत नाही, कारण त्याची दिशा आणि लहरींची ठेवण सतत थोडी बदलत असते.

डिजिटल रेडिओची पायरी चुकणं

आशिया, युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलियात स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, अमेरिका खंडांत १०च्या. या अंतराचं, म्हणजे पायरीचं, सेटिंग चुकीचं असेल तर रेडिओ बहुतेक स्टेशनांच्या शेजारून निघून जातो. ऑटो स्कॅनवरही विसंबू नका. तो दणदणीत स्टेशनांवरच थांबतो, हाताने पायरी-पायरीने चढा.

लगेच काटा हलवणं

लांबचं स्टेशन येतं-जातं. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना बळ देतात, कधी पुसून टाकतात. एका जागी दहा मिनिटं तरी बसा. तासाच्या ठोक्याला तर जागचे हलूच नका, कारण पुष्कळ स्टेशनं तेव्हाच स्वतःचं नाव सांगतात.

अँटेना म्हणून वाट्टेल तेवढी लांब तार जोडणं

जवळचं दांडगं स्टेशन डायलवर तीन-चार ठिकाणी ऐकू येऊ लागलं, तर रेडिओला तार सोसवत नाही असं समजा. तार काढा. त्याऐवजी व्हेरिएबल कंडेन्सर (स्टेशनाशी जुळवायचा फिरता भाग) लावलेला लूप अँटेना, म्हणजे तारेचं वेटोळं, रेडिओशेजारी नुसता ठेवला तरी सिग्नल उठतो, जोडावा लागत नाही. बाहेर तार असेलच तर विजा चमकायच्या आधी ती सोडवून ठेवा.

चुकीच्या वेळी चुकीची दिशा

लहरींची सगळी वाट अंधारात हवी. पूर्वेकडे रात्र आधी होते, म्हणून संध्याकाळी पूर्वेची स्टेशनं आधी उगवतात. पहाटे उलट: पूर्वेची आधी विरतात आणि पश्चिमेची, तिकडे अजून रात्र असल्याने, तुमच्याकडे उजाडेपर्यंत टिकतात. पश्चिमेचं एखादं स्टेशन रात्रभर हुलकावणी देत असेल, तर सूर्योदयाआधीचा अर्धा तास त्याच्यासाठी राखून ठेवा.