पोलवरून केबल जमिनीत उतरवताना या चुका टाळा

जूनचा पहिला जोरदार पाऊस झाला की एक फोन हमखास येतो: "मीटर बॉक्समध्ये पाणी येतंय, पण वरून तर कुठेच गळत नाही." दोन वर्षांपूर्वी अशाच एका बंगल्यावर गेलो होतो. भिंत कोरडी, बॉक्सचं छत कोरडं, आणि ग्लँडच्या (केबल बॉक्समध्ये शिरते तिथे तिला आवळून धरणाऱ्या तुकड्याच्या) वर, सोललेल्या केबलच्या चार कोअरच्या, म्हणजे आतल्या वेगवेगळ्या तारांच्या, मधून थेंब थेंब पाणी. मालकांनी तोवर भिंतीचं वॉटरप्रूफिंग दोनदा करून घेतलं होतं. दोष होता तिकडे रस्त्यावरच्या पोलवर. केबल सोलून कोअर जिथे वेगळे केले होते, त्या बेचक्यात नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. उन्हाने ती सुटली, पाणी आत शिरलं आणि केबलच्या पोटातून थेट मीटरपर्यंत आलं.

केबल ज्यातून पोलवरून जमिनीत उतरते तो जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप सहसा बिघडत नाही. घोळ होतो तो त्याच्या दोन तोंडांशी.

वरच्या बेचक्यावर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी, चार बोटांची टोपीच बसवा. जिथे तार उघडी होते ती टोकंही सील करा, नाहीतर पाणी तारेच्या पेडांमधून उतरतं. वर जाणाऱ्या कोअरला जोडणीआधी खाली एक झोका द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकून जाईल. पाइपाच्या तोंडात सिमेंट ठोसणारे महाभाग अजून भेटतात. पुढे केबल बदलायची वेळ आली की पाइपच कापावा लागतो. मऊ राहणारी पुट्टी पुरते.

खालच्या तोंडाकडे तर कुणी बघतच नाही, कारण ते मातीत जातं. हॅक्सॉने कापलेल्या पाइपाची कड सुरीसारखी असते. कानस मारून ती गोल करा, तोंडाला बुश, म्हणजे गुळगुळीत कडी, बसवा. चर बुजवल्यावर माती पहिल्या पावसाळ्यात बसते, केबल खाली ओढली जाते आणि त्याच कडेवर घासत राहते. म्हणून पोलच्या बुडाशी केबलचा एक सैल वळसा सोडायचा. पाइपातून बाहेर पडताना केबल काटकोनात मुरडू नका: १.१ केव्हीपर्यंतच्या (११०० व्होल्ट) मल्टिकोअर केबलला आयएस १२५५ या केबल टाकण्याच्या भारतीय मानक संहितेनुसार वळणाची त्रिज्या बाहेरच्या व्यासाच्या किमान १२ पट लागते. २२ मिमीच्या केबलला ती २६४ मिमी होते, वीतभराहून थोडी जास्त. त्याच संहितेत लो टेन्शन (घरगुती दाबाच्या) केबलची खोली ०.७५ मीटर आणि रस्ता ओलांडताना १ मीटर दिली आहे. केबलच्या खाली-वर वाळू आणि त्यावर विटा टाका. फूटभर खणून "झालं" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

पण चर अगदी पोलला चिकटूनही नको. आठ मीटरचा सिमेंटचा पोल जमिनीत जेमतेम दीड मीटर असतो. काळ्या मातीत बुडाशी खणलं की पावसाळ्यात तो कलतो. सिमेंटच्या पोलला ड्रिल तर कधीच नाही, आतल्या ताणलेल्या तारांवरच त्याची ताकद असते. पाइप क्लॅम्पनेच आवळा.

एक चूक वायरमन लोकही करतात: सिंगल कोअर (एकाच तारेच्या) केबल असल्या की प्रत्येक फेजला वेगळा लोखंडी पाइप. एकट्या फेजचं चुंबकीय क्षेत्र पाइपाच्या लोखंडात फिरतं, त्यात प्रवाह निर्माण होतात आणि लोड वाढला की पाइप तापतो. तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकाच पाइपातून न्या, क्षेत्रं एकमेकांना मारतात.

पोलवरच्या तारांशी जोडणी हाताने पीळ देऊन करू नका, पीजी क्लॅम्प (दोन तारा शेजारी ठेवून बोल्टने आवळणारा) वापरा. न्यूट्रल तर सगळ्यात आधी घट्ट. थ्री फेज सर्व्हिसचा न्यूट्रल पोलवर सुटला की एखाद्या फेजवर २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट चढू शकतात, मग टीव्ही, फ्रिज एका झटक्यात जातात. आर्मर (केबलवरचं धातूचं संरक्षक वेष्टण) आणि पाइप दोन्ही अर्थ करा.

पोलवर चढायचं काम मात्र महावितरणच्या जनमित्राचं (लाइनमनचं), तेही शटडाऊन घेऊन, म्हणजे लाइन बंद करून. तुमच्या बाजूचं काम लायसन्सधारक कंत्राटदाराचं. जंपर (पोलवरच्या लाइनला केबल जोडणारी तार) जोडण्याआधी केबल मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने, तपासून घ्या. चर बुजवण्याआधी पोलपासून टेप लावून फोटो काढून ठेवा; पुढे नळाच्या पाइपासाठी कुणी कुदळ मारायला आला की तोच फोटो कामाला येतो.