इंग्रजीतील 'इफ' आणि 'दॅन' यांच्यानंतरची काटछाट

इंग्रजीत 'इफ'नंतरचा कर्ता आणि 'बी' क्रियापदाचे रूप गाळून 'इफ नेसेसरी', 'इफ पॉसिबल' असे म्हणता येते. मात्र गाळलेला कर्ता मुख्य वाक्याचाच कर्ता किंवा संदर्भातून सहज कळणारा 'इट' असावा. म्हणून 'इफ हीटेड, आइस मेल्ट्स' हे वाक्य बरोबर ठरते, कारण तापतो तो बर्फच. 'इफ हीटेड, यू विल सी बबल्स' असे लिहिल्यास मात्र वाचणाराच तापवला जातो! आधीच्या संपूर्ण विधानाची जागा घ्यायची असेल, तर होकारार्थी 'इफ सो' आणि नकारार्थी 'इफ नॉट' वापरावे.

तुलनेत 'हार्डर दॅन एक्स्पेक्टेड' ही रचना सोपी आहे. तिथे 'दॅन इट वॉज एक्स्पेक्टेड' लिहू नये. खरी अडचण सर्वनामाची आहे. 'शी लव्ह्ज द डॉग मोअर दॅन मी' या वाक्यात तुलना तिच्याशी माझी आहे की कुत्र्याशी माझी, हे कळत नाही, आणि मराठीतले 'ती माझ्यापेक्षा कुत्र्यावर जास्त प्रेम करते' हे वाक्यही तितकेच संदिग्ध असल्याने भाषांतर करून पाहण्याचा उपयोग होत नाही. अशा वेळी काटछाट कमी करून, अभिप्रेत अर्थानुसार, 'दॅन आय डू' किंवा 'दॅन शी लव्ह्ज मी' असे लिहावे. नुसते 'दॅन आय' व्याकरणशुद्ध असले तरी बोलताना अवघडलेले वाटते.