औषधाला दाद न देणाऱ्या जंतूवर लस करायची, तर आधी त्याचा अंगरखा बघा

राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये एमएस्सीच्या मुलांच्या हातात मी पहिल्यांदा टायफॉइडची प्लेट देते. फिकट पिवळ्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, जंतूंचा राखाडी थर, त्यावर औषधाच्या टिकल्या. सेफ्ट्रियाक्सोनभोवती स्वच्छ रिंगण पडलेलं असतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या टिकलीला मात्र जंतू चिकटून वाढलेले. ही प्लेट बघितली की मुलं हटकून प्रतिकाराच्या जनुकामागे लागतात.

लसीसाठी तिथं वेळ घालवू नका. सिप्रो हरतं ते मुख्यतः जंतूच्या आतलं एन्झाइम बदलल्यामुळे, आणि लसीमुळे शरीरात तयार होणारी अँटिबॉडी आत पोचत नाही. तिला सापडतो तो बाहेरचा अंगरखा. टायफॉइडच्या जंतूवर 'व्हीआय' नावाचं साखरेचं आवरण असतं, औषधाला दाद देणाऱ्यावरही आणि न देणाऱ्यावरही. सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून सेफ्ट्रियाक्सोनलाही न बधणारा टायफॉइड पसरला, तेव्हा याच आवरणावरची लस कामी आली.

आवरण स्वतः बघून घ्या. हातमोजे घालून, सेफ्टी कॅबिनेटमध्ये, स्लाइडवर व्हीआय अँटिसीरमचा, म्हणजे व्हीआयला चिकटणाऱ्या अँटिबॉडी असलेल्या द्रवाचा, थेंब घ्या आणि जंतू कालवा. जंतूंच्या गुठळ्या होऊन दाणे धरले की आवरण आहे. ओ अँटिसीरममधल्या अँटिबॉडी आवरणाखालच्या 'ओ' भागाला चिकटतात, त्यात हाच जंतू पुष्कळदा दाणे धरत नाही. मग तो उकळून गार करा आणि पुन्हा कालवा. आता दाणे येतात, कारण झाकणारं आवरण उतरलं! हा प्रयोग मला अजूनही दरवेळी आवडतो.

आता खरी मेहनत. नुसती साखर टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळात ती नीट लागू पडत नाही, कारण टी-पेशींना साखर कळत नाही, प्रथिन कळतं. म्हणून ती धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला, म्हणजे निरुपद्रवी केलेल्या विषाच्या प्रथिनाला, जोडायची. नुसतं मिसळून चालत नाही, रासायनिक बंध हवा. जोडणी झाल्यावर सुटी साखर किती उरली ते मोजाच. घाईत नेमकं हेच राहतं.

प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या हा वर्षांचा प्रवास. नेपाळमध्ये सुमारे २० हजार मुलांच्या चाचणीत अशा जोडलसीचा एकच डोस ८१.६ टक्के परिणामकारक ठरला. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये मोहीम काढून ती मुलांना दिली.

लसीसाठी क्लेबसिएला हा दुसरा जंतू निवडणार असाल तर मात्र सावध. त्याची आवरणं सत्तरहून अधिक प्रकारची, म्हणून आधी रुग्णांकडून आलेल्या जंतूंचे प्रकार नोंदवा. आणि पॅराटायफॉइड ए चा जंतू त्याच व्हीआयच्या थेंबात कालवून बघा. थेंब दुधाळच राहतो. त्याला ते आवरणच नाही, त्यामुळे ही लस त्याच्यावर चालत नाही.