दत्तक कुटुंबाच्या दारात पहिल्यांदा जाताना

एमबीबीएसला येताना शवविच्छेदनाच्या टेबलासाठी मनाची तयारी सगळेच करतात. गावातल्या ओसरीचा विचार फारसा कुणी करत नाही. कुटुंब दत्तक कार्यक्रम, म्हणजे विद्यार्थ्यानं गावातली काही कुटुंबं वाटून घेऊन त्यांच्या आरोग्याची वेळोवेळी विचारपूस करणं, 2022 मध्ये अभ्यासक्रमात आला. पहिल्या वर्षी 27 तास, दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 21. प्रत्येक विद्यार्थ्याकडे किमान तीन कुटुंबं. एक भेट तीन तासांची धरली, तर पहिल्या वर्षी जेमतेम नऊ भेटी हाती लागतात.

पहिली भेट फॉर्म भरण्यात घालवू नका. आशाताईंना सोबत घ्या, त्यांच्याकडून घराची ओळख करून घ्या, पुन्हा कधी आलेलं चालेल ते विचारा. सकाळी अकराला घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलंच सापडतात. कमावती माणसं शेतावर असतात. ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या आसपास बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. असं कुटुंब घेऊ नका असं नाही, पण त्याच्या भेटींचं वेळापत्रक आधीच वेगळं आखा.

कुटुंब कोणतं, यावरच पहिली चूक होते. एका छपराखाली राहणारे सगळे एक कुटुंब नव्हेत. एका चुलीवर जेवणारे एक. दोन भाऊ एकाच वाड्यात असले आणि चुली वेगळ्या असल्या, तर नोंदींचे फोल्डरही दोन.

रक्तदाब मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं निवांत बसू द्या. पाठीला टेका, पावलं जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर, कफ, म्हणजे यंत्राचा हवेनं फुगणारा पट्टा, उघड्या दंडावर. मोजताना तुम्हीही बोलू नका, कारण बोलण्यानं आकडा वाढतो. गावात नेमकं हेच चुकतं: चहाचा आग्रह चालू, शेजारीण डोकावतेय आणि कफ फुगतोय. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तरी ‘तुम्हाला बीपी आहे’ असं म्हणायचं नाही. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय ते ठरत नाही, आणि ठरवायचं काम पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचं नाही. आकडा तारखेसह लिहा, सोबतच्या शिक्षकांना दाखवा.

‘मीठ कमी खा’ हे सांगणं वाया जातं. त्यापेक्षा किलोचं पाकीट किती दिवस जातं ते विचारा. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच माणसांच्या घरात एक किलो मीठ निदान चाळीस दिवस जायला हवं. वीस दिवसांतच संपत असेल, तर बोलायला मुद्दा मिळाला. मात्र त्यातलं लोणच्यात किती गेलं आणि गोठ्यात किती, हे आधी विचारा, नाहीतर गाईच्या वाट्याचं मीठ आजोबांच्या नावावर चढेल. फरसाण, पापडातलं मीठ या हिशोबात येत नाही, ते वेगळं विचारावं.

गरोदर बाईला ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. ‘पाकीट दाखवता का?’ म्हणा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. लोहाच्या गोळीनं शौचाला काळी होते. हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे घाबरून गोळ्या बंद होतात. गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. हे सासूसमोर सांगितलेलं बरं, कारण चहाची वेळ बहुधा तीच ठरवते.

दवाखान्यात पाठवताना नुसतं ‘येऊन जा’ म्हणू नका. चिठ्ठीवर विभाग, खोली क्रमांक, ओपीडीचा वार, केसपेपरची खिडकी किती वाजता बंद होते आणि सोबत आणायची कागदपत्रं मराठीत लिहा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सरकारी उपचार योजनेसाठी लागतात. एसटीची वेळ जुळते का तेही पाहा. दुपारी एकला पोहोचून रांगेतून परत गेलेलं घर पुढच्या भेटीत दार उघडतं, पण बोलत नाही. पुढच्या वेळी गेलात की नवीन काही विचारण्याआधी मागच्या चिठ्ठीचं काय झालं ते विचारा, आणि ते उत्तर फोल्डरमध्ये आकड्यांच्या वर लिहा.