आजोबांनी आणलेली जपानी तलवार: ओळख आणि छायाचित्रण

खंडेनवमीला शस्त्रे घासूनपुसून, हळदकुंकू वाहून पुजण्याची कोल्हापूरकडची रीत आहे. परंतु दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढलेल्या आजोबांनी आणलेली जपानी तलवार घरात असेल, तर तिला चिंच, राख किंवा पॉलिश पेपर अजिबात लावू नये. पात्याचा मुठीत दडलेला भाग, ज्याला जपानीत नाकागो म्हणतात, त्यावरचा काळपट गंज हा तिच्या वयाचा सर्वांत बोलका पुरावा असतो आणि तो एकदा घासला गेला की परत येत नाही.

मूठ ओतीव धातूची व रंगवलेली आणि पात्यावर क्रमांक ठोकलेला असेल, तर ती बहुधा १९३५ च्या नमुन्याची, कारखान्यात बनलेली, हवालदार दर्जाच्या सैनिकाची तलवार असते. फितीने विणलेली मूठ मात्र सावधपणे पाहावी, कारण अनेक अधिकाऱ्यांनी घराण्यातली जुनी पातीच लष्करी साजात बसवून घेतली होती.

नाकागो पाहण्यासाठी मुठीतली बांबूची खुंटी निमुळत्या बाजूने लाकडी काडीने ढकलावी. मग धार स्वतःपासून दूर ठेवून पाते उभे धरावे आणि मूठ धरलेल्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलके ठोके द्यावेत. पाते सुटले नाही, तर बळजबरी करू नये.

पाते करड्या, चमक नसलेल्या कापडावर ठेवून, शेजारी मोजपट्टी मांडून, बरोबर वरून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजतात, ६०.६ सेंटिमीटरपासून पुढे कताना म्हणजे लांब तलवार, त्याखाली ३०.३ पर्यंत वाकिझाशी म्हणजे आखूड तलवार. नाकागोच्या दोन्ही बाजू जवळून टिपताना पात्याचे टोक वरच्या दिशेला असावे, म्हणजे उभी कोरलेली अक्षरे, बहुधा तलवार घडवणाऱ्याची सही, वाचता येतात. खोट्या सह्या पुष्कळ आढळतात, त्यामुळे तज्ज्ञ सहीइतकेच पोलादही पाहतो.

त्यासाठीच हामोन, म्हणजे पात्यावरची लाटेसारखी खूण, नीट दिसायला हवी. पाते तापवून पाण्यात बुडवण्यापूर्वी त्यावर माती लिंपतात. धारेवर थर पातळ असल्याने ती झटकन थंड होऊन कठीण होते आणि धारेलगत धुरकट पांढरी लाट उमटते. फ्लॅशने ती पुसली जाते. खोली अंधारी करून एकच दिवा बाजूला ठेवावा आणि लाट उजळेपर्यंत पाते अगदी सावकाश कलते करत राहावे. या एका छायाचित्रासाठी अर्धा तास गेला तरी तो सत्कारणी लागतो.

शंभर वर्षांहून जुने पाते १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी जाणकारासमोर आपली छायाचित्रेच जातात. पावसाळ्याच्या दमट हवेत हे काम टाळावे, आणि शेवटी पाते मऊ सुती कापडाने पुसून त्याला हलक्या खनिज तेलाचा पुसट हात द्यावा, नाकागो मात्र कोरडाच ठेवावा.